बार्बाडोस सहलीत कबूल केलेल्या सेवा न मिळाल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा, परदेश सहल विभाग,
पुणे

महोदय,

तुमच्या कंपनीमार्फत आमच्या घरची मंडळी मे महिन्यात बार्बाडोसला जाऊन आली. परत आल्या आल्या 'सहल कशी वाटली? पाच स्टार द्या' असा मेसेज तुमच्याकडून आला. त्याचं उत्तर बोटाच्या एका टिचकीने देण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बार्बाडोसच का, हे मी पहिल्याच भेटीत तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं होतं. माझ्या यजमानांना 1971 ची वेस्ट इंडिजमधली क्रिकेट मालिका तोंडपाठ आहे. सरदेसाईंचे 150 आणि गावसकरांचे नाबाद 117, दोन्ही शतकं बार्बाडोसच्या राजधानीतल्या, ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवरची. पुतण्याला इतकं मागे जायची गरज नाही. 29 जून 2024 ला त्याच मैदानावर रोहितच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून टी-20 विश्वचषक घेतला, तो सामना त्याने बघितलेला. म्हणून दुसरं कुठलंही बेट नको, हेच हवं. दुसरी अट, किनारा पोहण्याजोगा असावा, कारण बरोबर लहान मुलं होती. या दोन्ही गोष्टी तुमच्या प्रतिनिधीने माझ्यासमोर वहीत लिहून घेतल्या आणि नंतर ईमेलमध्येही 'स्विमिंग बीच, सी-फ्रंट हॉटेल' असं कळवलं. ईमेलची प्रत सोबत आहे.

हॉटेल समुद्रासमोर होतं, यात वाद नाही. पण ते बाथशेबाला होतं. बार्बाडोसची लांबी जेमतेम 34 किलोमीटर आणि रुंदी 23, तरी त्याच्या दोन बाजूंचे समुद्र एकमेकांचे कोणी लागत नाहीत. पश्चिमेला शांत, उथळ कॅरिबियन पाणी. पूर्वेला थेट अटलांटिक, आफ्रिकेपर्यंत मध्ये जमीनच नाही. बाथशेबा पूर्वेला. तिथल्या लाटा सर्फिंगवाल्यांमध्ये नावाजलेल्या आहेत, खडक बघत राहावेत असे आहेत, आणि पोहायला उतरू नका असं हॉटेलच्या लोकांनी आम्हाला चावी देतानाच बजावलं. ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांत बसता येतं, तेवढंच. मुलं स्विमिंगचे कपडे घालून खिडकीत बसून राहिली.

शिवाय सरगॅसम. मे महिन्यात त्या किनाऱ्यावर तपकिरी समुद्रशेवाळाचा गुडघाभर थर साचला होता. तो कुजला की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो, आणि आमची बाल्कनी नेमकी त्याच्या तोंडावर. फोनवर तुमच्या माणसाने 'मॅडम, निसर्ग आमच्या हातात नसतो' असं उत्तर दिलं. निसर्ग नसतो, कबूल. पण हे शेवाळ 2011 पासून कॅरिबियनमध्ये मोठ्या प्रमाणात येतं आहे, वसंतापासून उन्हाळाभर त्याचा जोर असतो आणि अटलांटिककडच्या बाजूला ते जास्त लागतं. मे महिन्यातलं बार्बाडोस विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याने विकलं काय? हॉटेलची निवड तर तुमच्याच हातात होती ना?

तुमच्या माहितीपत्रकावरचा निळाशार किनारा आम्हाला सापडला, पण तो ब्रिजटाऊनजवळच्या कार्लाइल उपसागरातला निघाला, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे आम्ही स्वतःच्या खर्चाने टॅक्सी करून गेलो. (तिथे टॅक्सीला मीटर नसतो, भाडं आधी ठरवून घ्यायचं असतं. हेही तुम्ही सांगितलं नव्हतं.) पुढे आम्ही सरळ निळ्या सरकारी बसने फिरलो. कुठेही उतरा, 3.50 बार्बाडोस डॉलर. तुमच्या 'खास वाहनव्यवस्थे'चे माणशी किती लावलेत ते एकदा बिलात बघा.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुम्ही दिलेला कार्यक्रम बार्बाडोसचा नव्हताच. कोणा दुसऱ्या बेटाच्या कार्यक्रमावरचं नाव खोडून तुम्ही बार्बाडोस लिहिलंत, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे, आणि त्याचे पुरावे तुमच्याच कागदांत आहेत. कार्यक्रमात 'पिटन्स पर्वतांचे दर्शन, बोटीने' आणि 'ज्वालामुखीजवळ चिखलस्नान' असं छापलं आहे. पिटन्स सेंट लुसियात आहेत, गंधकाचे गरम झरे आणि चिखलही तिथलाच. तो वेगळा देश आहे. बार्बाडोस प्रवाळाच्या चुनखडीचं बेट, तिथे ज्वालामुखी कुठून आणणार? स्थानिक एजंटला तुमचा कागद दाखवला तेव्हा तो आधी हसला आणि मग आमच्याकडे बघून गप्प झाला. सूचनापत्रात 'ईस्ट कॅरिबियन डॉलर बरोबर ठेवावेत' असंही आहे. तेही चलन सेंट लुसिया, ग्रेनाडा, अँटिग्वाकडचं. बार्बाडोसचा डॉलर स्वतंत्र आहे आणि 1975 पासून एका अमेरिकन डॉलरला दोन असा बांधलेला आहे. यजमानांनी तुमच्यावर विश्वास ठेवून मिळवलेले ते डॉलर परत बदलताना जे नुकसान झालं, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत.

टोपीचं प्रकरण वेगळं सांगावं लागेल. निघण्याआधी तुम्ही प्रत्येकाला सहल-किट दिलंत: गळ्यातलं ओळखपत्र, पाण्याची बाटली आणि तुमचा शिक्का असलेली लष्करी ठिपक्यांची हिरवी टोपी. बार्बाडोसमध्ये सैन्याबाहेरच्या कोणालाही लष्करी छपाईचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. विमानतळावर आमचा पुतण्या मोठ्या हौसेने ती टोपी घालून रांगेत उभा. अधिकारी बाईंनी त्याला बाजूला बोलावलं, टोपी काढायला लावली, मग आमच्या सगळ्यांच्या डोक्यांकडे बघून सगळ्यांनाच काढायला लावल्या. त्या सौजन्याने बोलल्या म्हणून निभावलं. पण परक्या देशात पहिल्या अर्ध्या तासात पोरगं रडकुंडीला आलं, ते तुमच्या शिक्क्यामुळे.

याउलट जे सांगायला हवं होतं ते तुमच्या सूचनापत्रात कुठेच नाही. पश्चिम किनाऱ्यावर सावली धरून बसलो होतो आणि पावसाची सर आली, तसे आम्ही सगळे जवळच्या झाडाखाली गेलो. टॅक्सीवाला लांबून ओरडत धावत आला. खोडावर रंगवलेला लाल पट्टा त्याने दाखवला. ते मँचिनील होतं. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तर पानांवरून ओघळलेल्या चिकाने अंगावर फोड येतात, आणि हिरव्या सफरचंदासारखं दिसणारं त्याचं फळ खाल्लं तर जिवावर बेततं. फळं खाली वाळूतच पडली होती, मुलांच्या हाताच्या अंतरावर. तुमच्या पत्रकात मात्र चटण्या आणि खाकरे बरोबर ठेवण्याबद्दल अख्खा परिच्छेद आहे.

ठरलेल्या सहलींपैकी हॅरिसन्स केव्ह तेवढी चोख झाली. गुहेतली ट्राम, लवणस्तंभ, आतला धबधबा, सगळं छान. त्याबद्दल मी एक पैसाही मागत नाही. कॅटमरानमधून (जोडहोडीतून) कासवं बघायला जाण्याची सहल रद्द झाली, कारण आम्हाला न्यायची गाडी बाथशेबाकडे येतच नाही, असं बोटवाल्यांनी त्याच सकाळी कळवलं. ऑइस्टिन्स या कोळ्यांच्या गावात मासळी खायची रात्र तुम्ही मंगळवारी ठेवलीत. खरी गर्दी, गाणंबजावणं आणि चुली शुक्रवारी असतात, हे त्या बेटावर शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती केन्सिंग्टन ओव्हलची 'आतून भेट' म्हणजे फाटकाबाहेर गाडी थांबवून काढलेला फोटो. आत जायची वेळ आधी मागून घ्यायला हवी होती, ती कोणी मागितलीच नव्हती. यजमान फाटकाच्या गजांतून हिरवळ बघत उभे राहिले. मग खिशातून बार्बाडोसची पाच डॉलरची नोट काढून पुतण्याला त्यावरचा वेस्ट इंडिजचा जुना कर्णधार फ्रँक वॉरेल दाखवत बसले.

जाऊबाई माळकरी आहेत, हे बुकिंगच्या अर्जावरच लिहिलं होतं. 'भारतीय शाकाहारी भोजन' म्हणून त्यांना रोज बटाट्याचे तळलेले काप मिळाले. हॉटेलच्या स्वयंपाक्याचा दोष नाही, त्याला निरोपच पोचला नव्हता. मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) आणि तळलेली केळी त्याने आपणहून करून दिली. पुढे ब्रिजटाऊनच्या एका दुकानात बटाटा-चण्याची रोटी मिळाली, तेव्हा जाऊबाई पोटभर जेवल्या.

बिलात 'व्हिसा सहाय्य शुल्क, बार्बाडोस' असे माणशी पैसे आहेत. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला व्हिसा लागत नाही. लंडनच्या ट्रान्झिट व्हिसाचे पैसे तुम्ही वेगळ्या ओळीत घेतलेलेच आहेत. मग हे शुल्क कशाबद्दल? ही चूक म्हणावी तर ती सगळ्यांच्या नावापुढे सारखीच कशी पडली? परदेश सहलीवर आमच्याकडून कापलेला कर, टीसीएस, मात्र वेळच्या वेळी जमा केलात, प्राप्तिकराच्या 26एएस विवरणात दिसतो आहे. पैसे घेण्याच्या कामात तुमच्याकडे हयगय नाही, असं दिसतं.

'कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील' हे कलम तुमच्या प्रतिनिधीने मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. बदल करण्याबद्दल माझी तक्रार नाही. जे त्या बेटावर अस्तित्वातच नाही ते विकण्याचा अधिकार त्या कलमात येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि माहितीपत्रकातला फोटो व तो कार्यक्रम ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'वाद झाल्यास फक्त मुंबईत' असं तुमच्या अटींत आहे, पण मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही मला जाता येतं.

माझ्या मागण्या सरळ आहेत. न झालेल्या सहलींचे, व्हिसा शुल्काचे आणि वाहनव्यवस्थेचे पूर्ण पैसे परत करा. चलनबदलाचं नुकसान आणि आमचं टॅक्सीभाडं भरून द्या. हॉटेलच्या रकमेतला फरक द्या, कारण मागितलेल्या किनाऱ्याऐवजी दुसराच दिलात. आणि तो कार्यक्रम तुमच्या माहितीपत्रकातून काढून टाका, निदान पुढच्या कोणाला ज्वालामुखी शोधत फिरावं लागू नये. पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन पाठवू नये, ते मी घेणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. फोन नको, मेसेज नको. उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि लगोलग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. अर्जाचा मसुदा तयार आहे.

कळावे,

सहलीच्या बुकिंगधारक,
कोथरूड, पुणे

सोबत: बिल, ईमेल, छापील कार्यक्रम, सूचनापत्र, चलनबदल व टॅक्सीच्या पावत्या, किनाऱ्याचे फोटो. टोप्या हव्या असल्यास शाखेत आणून देईन.