माझ्या मायच्या कानाशी वाचलेला ठराव

माननीय सरपंचताई,

सविनय नमस्कार.

हे पत्र खरे तर १५ ऑगस्टच्या रात्रीच लिहायला हवे होते. पण त्या दिवशी ग्रामसभेतून घरी आल्यावर माय जी रडली, ते पाहून माझ्याने काही लिहवले नाही, आणि मग निंदण, फवारणी, वेचणी यांत दिवस गेले. आता कापूस घरात आला आहे. तो यंदा डोक्यावरच्या गाठोड्यांतून नव्हे, तर बंडीत भरून, पांदणीने, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटेने आला आहे. म्हणून आज लिहायला बसले.

आमच्या काळ्या मातीत एकदा मृग बरसला की पांदण आणि नाला यांत फरक उरत नाही, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तीन वर्षांपूर्वी श्रावणात बाबांना वावरात साप चावला. १०८ ची गाडी डांबरी सडकेवर येऊन उभी होती आणि इकडे चार माणसे बाबांना बाजेवर टाकून गुडघाभर गाऱ्यातून वाट काढत होती. नाल्याला पाणी होते, त्यामुळे बाज तिथे थांबली. पाणी उतरून पलीकडे जाईपर्यंत बाबांचे बोलणे बंद झाले होते. पुढचे मी लिहीत नाही.

त्यानंतरची एकही ग्रामसभा मायने चुकवली नाही. तिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते, तरी ती जायची, उभी राहायची, “पांदणीचं काय झालं?” एवढेच विचारायची आणि खाली बसायची. समोरून जे उत्तर यायचे ते टेबलावरच्या कागदांना दिल्यासारखे असायचे. वाटेत ती मला विचारायची, “काय म्हणाले?” आणि तिला सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नसायचे. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच राहत नाही. आमच्या गावात या सोयीची सवय झाली होती. लोक आले नाहीत म्हणजे बरेच झाले, असा तो कारभार होता. सह्यांची वही मागाहून घरोघर फिरायची. त्या काळात खुर्ची कागदोपत्री एका बाईचीच होती, पण तिच्यावर बसायचे तिचे यजमान. २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, तरी आमच्या गावात ती खुर्ची स्त्रीपर्यंत पोहोचायला तुमची वाट पाहावी लागली. त्या ताईंना मी दोष देत नाही. त्यांना तर कोणी काही विचारलेच नाही.

तुम्ही निवडून आल्यावर हार-तुऱ्यांचा कार्यक्रम झाला नाही, हे पहिल्यांदा मायच्याच लक्षात आले. नंतर तुम्ही दिसू लागलात ते संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर, तुकडोजी महाराजांच्या तसबिरीपुढे सतरंजीवर बसून बायकांचे ऐकून घेताना. अंगणवाडीत पोरांची वजने होतात त्या दिवशी वजनकाट्याजवळ. आणि ग्रामसभेच्या आदल्या दिवशीच्या महिला सभेत, जी कायद्यात आहे हे आम्हा बायकांना तोवर ठाऊकच नव्हते. ज्यांचे धुरे वर्षानुवर्षे पांदणीत सरकत आले होते, त्यांच्या वावरात तुम्ही स्वतः गेलात, एकेकाच्या बांधावर बसून बोललात. भांडण न होता ती माणसे मागे सरली, यावर शेजारच्या गावातले लोक अजून विश्वास ठेवत नाहीत. गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, २० डिसेंबरला, तुम्ही पहाटेच खराटा घेऊन बस थांब्यावर होतात, आणि फोटो काढायला आलेल्या पोराच्या हातातही तुम्ही खराटाच दिलात.

पण ताई, मला आभार मानायचे आहेत ते त्या पाच मिनिटांसाठी. १५ ऑगस्टच्या सभेत पांदणीचा ठराव वाचून झाला, हात वर झाले, टाळ्या वाजल्या. माय मात्र लोकांच्या तोंडाकडे पाहत बसली होती, कारण तिला काहीच ऐकू आले नव्हते. तुम्ही खुर्चीवरून उठलात, ग्रामसेवकांच्या हातातली वही घेतलीत, मायच्या शेजारी जमिनीवर बसलात आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन तो सबंध ठराव मोठ्याने, थांबत थांबत पुन्हा वाचलात. मग विचारलेत, “माय, तुम्ही सांगितलं तेच लिहिलं ना? काही सुटलं असन तर सांगा.” सभा गप्प झाली होती. माय म्हणाली, “नाल्यावरचा रपटा राह्यला.” रपटा म्हणजे नाला ओलांडायचा ठेंगणा पूल. आणि तुम्ही सगळ्यांसमोर ती ओळ त्याच वेळी ठरावात घालून घेतलीत, पुन्हा हात वर करायला लावलेत, पुन्हा तिच्या कानाशी वाचलीत.

बाबांची बाज जिथे थांबली होती, ती ही जागा. तुम्हाला ते माहीत होते की नाही, मला ठाऊक नाही.

गरिबाचे काम करून देणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांचेही उपकार मोठे आहेत. पण लिहिलेले बरोबर आहे का, हे निरक्षर म्हातारीला विचारणारे माणूस मी पहिल्यांदा पाहिले. तसे विचारायला ना निधी लागतो ना वरून मंजुरी. खाली बसायची तयारी लागते, आणि ऐकून घेतल्यावर आपलीच वही दुरुस्त करायची. माझी माय त्या दिवसापासून सभेत काय झाले हे मला विचारत नाही. तीच मला सांगते.

दिवाळीनंतर मुरूम पडला, रपट्याचे सिमेंटचे पाइप बसले. सध्या तुरी शेंगांनी लदबदल्या आहेत. मायचा निरोप आहे की एकदा वावरात या, ती ओल्या शेंगा उकडून ठेवणार आहे. सडकेवर गाडी लावून चालत येण्याची आता गरज नाही. तुमची दुचाकी थेट विहिरीपर्यंत येते. रपट्याजवळ माय उभी असेल, तिच्याशी जरा मोठ्याने बोला.

आपली नम्र,
पांदणीच्या शेवटच्या वावरातली लेक