अण्णा, डिझेलच्या गाडीचं टोकन देऊ नका

ती. अण्णा आणि आई,
सा. न.

मामा फोनवर म्हणायलेत की 2012 ची डिझेल गाडी अडीच लाखात भेटायली, हातची सोडू नका. टोकन दिलं नसेल तर थांबा जरा.

परभणीत पेट्रोल महाग म्हणून तुम्हाला डिझेल घ्यावं वाटायलंय, कळतं मला, पण तुमचं फिरणं असं किती हो? बाजार, बँक आणि महिन्यातून एकदा आईचा नांदेडचा दवाखाना. 300 किलोमीटर धरा. पेट्रोल 107 नं आणि 18 चं ॲव्हरेज धरलं तर सतरा-अठराशे लागतात, डिझेल 94 नं, ॲव्हरेज 22, तर तेराशेच्या आत. म्हणजे महिन्याला वाचले पाचशे, वर्षाला सहा हजार, आणि एवढ्या जुन्या डिझेलचा टर्बो नायतर इंजेक्टर गेले की चार-पाच वर्षांची बचत एका दिवसात गॅरेजवाल्याची. त्यात 2027 ला गाडीला 15 वर्षं होणार, मग पासिंग, आरसी रिन्यू, ग्रीन टॅक्स, आरटीओच्या चकरा कोण मारणार? विकायला काढली तरी तेव्हा कोण घेणार ती.

माझं ऐकाल तर लाखभर जास्त गेले तरी चालतील पण 2017-18 ची पेट्रोल वॅगन आर बघा. तिच्या इंजिनला टायमिंग चेन असते, बेल्टसारखी ठराविक किलोमीटरला बदलावी लागत नाही, पार्ट परभणीतच मिळतात, आणि सीट उंच आहे म्हणून आईच्या गुडघ्याला चढायउतरायला बरं (आई हे कधी बोलणार नाही, म्हणून मीच लिहिते).

बघायला सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नको, थंड इंजिनच खरं बोलतं. धूर बघा. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा, मीटर 30 हजार दाखवत असेल अन् टायर दुसऱ्यांदा बदललेले असतील तर मीटर मागं फिरवलंय समजा. सर्व्हिसचे कागद मागा, आणि आपल्या रोडनं खालचे बुश, शॉकॲबसॉर्बर किती खाल्लेत ते आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला खड्ड्यातून चालवून बघायला सांगा, त्याचे पाचशे गेले तर जाऊ द्या.

मामांशी मी बोलते, तुम्ही संकोचात पडू नका. चारपाच गाड्यांचे फोटो आणि आरसी व्हॉट्सॲपवर टाका, कर्ज चढवलेलं असलं तर आरसीवर बँकेचं नाव दिसतं, तेवढं मी इथून बघते.

तुमची,
ताई