सुंभाचा पीळ

वेंगुर्ले, नागपंचमी

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझी कथा काल रात्री दोनदा वाचली. ट्रॉलर विकण्यावरून तांडेल आणि त्याचा मुलगा भांडतात, ती पानं मला फार आवडली. मुलगा बोलता बोलता जाळ्याची गाठ सोडतो आणि बाप तीच गाठ पुन्हा मारतो, हे तू नक्की कुठेतरी पाहिलंयस. पण शेवटी जूनच्या वादळात तांडेल बुडाला आणि मी हिरमुसले. एक तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्याचा ट्रॉलर त्या वादळात जाईलच कसा? आणि खरं सांगू? भांडण मिटवणं तुला जमेना, म्हणून तू दर्याला मध्ये आणलंस.

ही बंदी कथेच्या आड येत नाही गं, उलट तिथेच तुझी कथा आहे. एकसष्ट दिवस बापलेक एकाच पडवीत. बाहेर धो धो पाऊस, जायला जागा नाही, आणि फाटलं जाळं तर दोघांनी मिळूनच शिवायचं आहे.

गोष्ट सुचते कशी, असं तू फोनवर विचारलंस. मला तरी सुचत नाही, काहीतरी सलत राहतं. मी या घरात आले त्या वर्षी तुझे आजोबा आणि धाकले आजोबा एकमेकांशी बोलत नव्हते. जमिनीचा दावा कोर्टात होता, पण गणपती मात्र घराचा एकच. चतुर्थीच्या आदल्या रात्री आजोबा स्टुलावर चढून गणपतीच्या डोक्यावरची लाकडी माटवी बांधत होते. खाली तिला टांगायचे नारळ, सुपारीचे घोस, रानातली कवंडळं, आंब्याचे टाळे. आजोबांनी मागे न बघता हात खाली केला. धाकल्या आजोबांनी त्या हातावर आधी कवंडळ ठेवलं, मग ते बांधायला काथ्याच्या सुंभाचा तुकडा. दोघांच्या तोंडून शब्द नाही, तरी एकदाही चुकीची वस्तू हातात आली नाही. ते दृश्य मी अकरा वर्षं मनात वागवलं, तेव्हा कुठे लिहायला बसले.

शेवट मात्र मला छळत राहिला. आधी मी विसर्जनाच्या वेळी भावांना गळ्यात गळे घालून रडवलं. वाचून माझीच मला लाज वाटली, कारण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी ही माणसं. मग एकाला मारलं, तुझ्यासारखंच. तेही फाडलं. शेवटी आठवलं की माटवी सोडल्यावर धाकल्या आजोबांनी सुंभ नीट गुंडाळून खुंटीला अडकवला होता, पुढच्या वर्षासाठी. तिथेच थांबले. हेमिंग्वेने १९२९ साली आलेल्या आपल्या कादंबरीचं शेवटचं पान एकोणचाळीस वेळा लिहिलं होतं, असं त्याने एका मुलाखतीत सांगितलंय. माझी तर सातच झाली होती.

शेवट धक्का देणारा हवा, असं तुझ्या डोक्यात कोणी भरवलं? आपल्या जत्रेतलं रात्रभराचं दशावतारी नाटक आठव. राक्षस मरणार हे कडेवर बसलेल्या पोरालाही माहीत असतं, लिहिलेली संहिताही नसते, तरी माणसं पहाटे दहीकाला होईपर्यंत मांडी मोडत नाहीत. राजा आपल्या राणीला आज काय बोलतो, ते त्यांना ऐकायचं असतं. तुझ्या वाचकालाही तांडेलाचं तोंड बघायचंय, लाट नाही.

म्हणून त्याला जिवंत ठेव. नारळी पौर्णिमेला नारळ कुणाच्या हातात आहे आणि ट्रॉलरवर पहिलं पाऊल कोण टाकतं, ते नीट बघ. दिवाळी अंकाची मुदत जवळ आलीय, हे मला कळतं, तरी हे बघितल्याशिवाय पाठवू नकोस.

चतुर्थीला दोन दिवस आधी ये. बाबांना आता स्टुलावर चढवत नाही, माटवी यंदा तुलाच बांधायची आहे. खाली मी उभी राहीन.

तुझी,
आई