‘वाचन सुरू आहे. हलवू नये.’

मॅडम, नमस्कार.

तुमच्या ग्रंथालयात रोज इतके जण येतात, मी तुमच्या लक्षात असेनच असं नाही. कराडहून पहाटेच्या एसटीनं येणारी, १९७३च्या तेलसंकटाआधी भारत किती इंधन वापरत होता ते शोधत फिरणारी मुलगी. प्रबंध परवा दिला. अजून झोप लागत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तुमच्याआधी दोन मोठी ग्रंथालयं पालथी घातली होती. एकीकडे मान वर न करता उत्तर मिळालं, ‘‘सगळं नेटवर असतं हो.’’ दुसरीकडे कॉलेजचं पत्र मागितलं. नेलं, तर त्यावरचा शिक्का चौकोनी निघाला, त्यांना गोल हवा होता! नेटवर काय असतं ते मला माहीत होतं. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे भारताचे आकडे १९७१पासूनचे. पूर्ण संच विकतचा, माझ्या शिष्यवृत्तीत न बसणारा. आणि मला हवी होती त्याआधीची वीस वर्षं.

तुम्ही विचारलंत, ‘‘नेमकं काय हवंय?’’ आणि माझं बोलणं संपेपर्यंत थांबलात. मग शिपाईमामांनी संयुक्त राष्ट्रांचे ऊर्जेच्या आकडेवारीचे ते जुने खंड आणून ठेवले. आधी झाडले, मग ठेवले.

दुपारी मी रडकुंडीला आले होते. पाण्यावरच्या विजेचा आकडा त्या खंडात एक आणि एका तेलकंपनीच्या जगभरच्या ऊर्जेच्या वार्षिक आढाव्यात त्याच्या जवळजवळ अडीचपट. मला वाटलं, आपलंच गणित कच्चं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात. ‘‘आपली कोयनाच घे. एक जण धरणावर तयार झालेली वीज मोजतो. दुसरा म्हणतो, एवढीच वीज इंधन जाळून करायची तर किती इंधन लागलं असतं, ते धरा. दोघंही बरोबर. आधी शेवटच्या टीपा वाचायच्या, तक्ते नंतर.’’ भारताचं वर्ष या तक्त्यांत कधी एप्रिल ते मार्च असतं, तेही तुम्हीच दाखवलंत. दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना त्यासाठी पगार मिळतो, त्यांनीही नाही.

पण मला आठवतं ते वेगळंच. पाचला माझी एसटी होती, काम अर्धंच झालेलं. पुढच्या आठवड्यात आले तर खिडकीजवळच्या टेबलावर सातही खंड तसेच, माझ्या पानांत खुणेच्या चिठ्ठ्या आणि वर पाठकोऱ्या कागदावर तुमचं लाल अक्षर: ‘वाचन सुरू आहे. हलवू नये.’

वर्षभर मला जो तो सांगत होता की यात काही मिळणार नाही, विषय बदल. आणि इथे कुणीतरी शाईनं लिहून ठेवलं होतं की माझं वाचन सुरू आहे. मी टेबलाशी बराच वेळ नुसती उभी राहिले. चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं, दानधर्मासारखं असतं असं मला वाटायचं. तो पाठकोऱ्या कागदावरही मावतो. शिक्का गोल की चौकोनी हे न बघणारी माणसं असतात, म्हणून माझ्यासारख्यांची शिक्षणं होतात.

प्रबंधाची एक प्रत तुमच्यासाठी ठेवली आहे, पुढच्या सोमवारी घेऊन येते. आणि एक कबुली: शेवटच्या दिवशी तो कागद मी न विचारता पिशवीत घातला. ग्रंथालयाची वस्तू आहे, दंड असेल तर भरते. परत मात्र देणार नाही.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची