धूळ मोजायचं यंत्र येईपर्यंत थांबू नका: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

मी हिंगणघाट तालुक्यात जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटर आहे. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की आमचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. मशीनवर कापूस टाकणाऱ्या बाया, सरकी भरणारे हमाल, प्रेसवरची पोरं हे सगळे पाळीभर रुईच्या धुळीत उभे असतात. त्यातले बरेच जण मेळघाटातून, मध्य प्रदेशातून पोट भरायला आलेले. त्यांच्या छातीसाठी आणि कानांसाठी हे पत्र लिहितो आहे. माझी मागणी एकच आहे. धोका ओळखायची आणि कमी करायची साधी पद्धत, एका कागदावर मावेल अशी, येत्या हंगामाआधी प्रत्येक जिनिंगमध्ये पोचवा.

कच्च्या कापसाच्या धुळीची मर्यादा 1948 च्या कारखाने अधिनियमात ठरवून दिलेली होती: घनमीटर हवेत 0.2 मिलिग्रॅम. पण ती मोजायला खास उपकरण लागतं, ते चालवणारा माणूस लागतो, नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी यातलं काहीच येत नाही. मग तपासणी होते ती रजिस्टरची. मोजमाप नाही म्हणून धोका नाही, असा हिशेब होतो आणि हंगाम निघून जातो.

ही अडचण काही आपल्या एकट्याची नाही. ब्रिटनमधल्या लहान कारखान्यांनाही मोजमाप परवडत नव्हतं. म्हणून तिथल्या सरकारी आरोग्य-सुरक्षा खात्याने 1999 मध्ये रसायनांसाठी एक सोपी पद्धत दिली. मालकाने तीनच प्रश्न विचारायचे: पदार्थ किती घातक आहे, किती वापरतो, हवेत किती उडतो. उत्तरांवरून काम चारपैकी एका गटात पडतं. पहिल्यात मोकळी हवा पुरते, दुसऱ्यात धूळ उठते तिथेच ओढून घ्यायची, तिसऱ्यात काम बंदिस्त करायचं आणि चौथ्यात तज्ज्ञ बोलवायचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हीच पद्धत पुढे लहान उद्योगांसाठी नेली. मोजमाप महत्त्वाचंच आहे, पण त्याच्यासाठी उपाय अडून राहू नये.

जिनिंगमध्ये हे कसं करायचं ते सांगतो. रात्रपाळीत मशीन चालू असताना एका बाजूचा दिवा बंद करा. कोणी मशीनजवळ जायचं नाही, लांबच उभं राहायचं. जोरदार टॉर्च फीडरच्या, म्हणजे मशीनमध्ये कापूस टाकायच्या तोंडाच्या, वरून आडवा लावा आणि समोरच्या बाजूने, टॉर्चचा दिवा कशाच्या तरी आड ठेवून, झोताकडे पाहा. दिवसा डोळ्यांना दिसतात ते रुईचे तंतू. ते जड असतात, खाली बसतात. झोतात दिसतो तो बारीक धुराळा. बाई कापूस टाकायला वाकते, नेमका तिच्या नाकासमोर तो तरंगत असतो. फुप्फुसात जातो तो हाच. आपल्या जिनिंगमध्ये धूळ नाही म्हणणाऱ्या मालकाला एकदा तिथे उभं करावं.

आवाजाचंही असंच आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज 90 डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं धरून चाला. डबल रोलरच्या, म्हणजे दोन रोलरवाल्या जिनिंग मशीनच्या, लायनीत आम्ही हातवारे करूनच बोलतो.

आणि बायांना विचारा. बाजाराच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर आल्यावर छाती आवळते का, दोन-तीन दिवसांनी हलकं वाटतं का? कापसाच्या धुळीच्या रोगाची, बिसिनोसिसची, ही जुनी खूण आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत हा रोग होता आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार सुरक्षा कोडच्या यादीतही आहे, म्हणजे आढळला तर डॉक्टरने कळवायलाच हवा. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात बाई खोकत जाते तेव्हा "काय काम करता" हे विचारलंच गेलं नाही, तर कळवणार कोण? केस पेपरवर कामाचा एक रकाना छापायला फारसा खर्च येत नाही.

उपायाला आमच्याकडे बहुतेक मास्कपासून सुरुवात होते आणि तिथेच गाडी थांबते. कापडी मास्क घामाने ओला होतो, तासाभरात गळ्यात येतो. मास्क शेवटी. आधी धूळ उठतानाच पकडायची. फीडरवर सक्शनचा हूड, म्हणजे धूळ ओढून घेणारं तोंड, नाकापेक्षा खाली हवा. तो ओढतो की नाही हे पाहायला अगरबत्तीचा धूर वापरतात, पण जिनिंगमध्ये ठिणगी म्हणजे आग. आम्ही काडीला सुताचा धागा बांधून हूडसमोर धरतो. धागा आत वळला तर ठीक. पाळी सुटताना कॉम्प्रेसरच्या हवेने मशीन आणि अंगावरचे कपडे झाडायची सवय मात्र बंदच व्हायला हवी. दिवसभर खाली बसलेली धूळ त्या पाच मिनिटांत पुन्हा सगळ्यांच्या नाकात जाते.

माझ्या स्वतःच्या कामाचंही सांगतो. अनेक रोलर अजून क्रोम चामड्याच्या चकत्यांचे आहेत. त्यांना खाचा पाडताना उडणाऱ्या भुश्शात क्रोमियम असतं आणि तो आम्हा फिटर लोकांच्या तोंडासमोरच उडतो. क्रोमियम नसलेले रोलर निघालेले आहेत. नागपुरात कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं, 'सिरकॉट'चं, जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. रोलर बदलायला अनुदान द्या आणि हा एक पानी कागद तयार करायला त्या केंद्राला व आपल्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला एकत्र बसवा. त्या बैठकीत रेच्यावर, म्हणजे जिनिंगच्या मशीनवर, काम केलेल्या दोन बाया असल्याच पाहिजेत.

जिनिंगच्या बाहेरचंही बोललं पाहिजे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण म्हणजे विषाची प्रतवारीच आहे, 1971 च्या नियमांपासून चालत आलेली. लाल सर्वांत घातक. एवढी सोपी खूण हातात असताना लाल डबा दुकानातून रोजाने फवारणाऱ्या मजुराच्या पंपात जातो आणि वाटेत त्याला कोणी काही सांगत नाही. व्हिएतनामच्या कॅन थो भागात शेतकऱ्यांनी एकमेकांच्या शेतातल्या चांगल्या सोयींचे फोटो पाहून, यादीवर खुणा करत आपापली कामं सुधारली. आपल्या ग्रामसभेत हे का होऊ नये?

21 नोव्हेंबर 2025 पासून नवा कामगार सुरक्षा कोड लागू झाला. त्यात वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर गेली. आमच्याकडच्या लहान डाळ मिल, राइस मिल, तेलघाण्या तशाही नजरेआड होत्या. आता आणखी होतील. म्हणून हा कागद कामगारांची संख्या न पाहता द्या. कामगारांच्या वार्षिक आरोग्य तपासणीच्या तरतुदीत हंगामी कामगार धरा. ते दिवाळीला येतात, होळीला जातात; त्यांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. श्वासाचा जोर मोजायची साधी नळी, पीक फ्लो मीटर, पाळीच्या आधी आणि नंतर फुंकायला लावली तरी पुष्कळ कळेल.

रोलर बदलणं, हूड बसवणं ही कामं पावसाळ्यात, मशीन बंद असतानाच होतात. आदेश दिवाळीला निघाला तर आमचं हे वर्षही धुळीतच जाईल. तो जूनमध्ये काढावा, ही विनंती.

आपला नम्र,
जिनिंगमधला एक फिटर
हिंगणघाट तालुका, जि. वर्धा