सकाळी रामशेज, दुपारी वाइनरी

नाशिक,
फेब्रुवारीअखेर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "सकाळी गड आणि दुपारी गुत्ता, हे कसलं फिरणं?" आणि फोन आईकडे दिला. आईने जेवलीस का तेवढं विचारलं, आणि तुम्ही दोघांनी हे बघायला इथे यावं, हे माझं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून लिहितेय. बाबा फोनवर पुरतं ऐकून घेत नाहीत, पत्र मात्र चष्मा पुसून वाचतात, हे मला माहीत आहे.

आधी गडाचं सांगते. रामशेज नाशिकपासून पंधराएक किलोमीटरवर, पेठच्या रस्त्याला. पायथ्याला आशेवाडी. तिथून वर जायला आमच्यासारख्यांना पाऊण तास पुरतो, आई सोबत असेल तर दीड तास धरू. वाट सोपी आहे, वरच्या अंगाला पायऱ्या आहेत. आई, अर्ध्याहून थोडं वर गेलं की कातळातल्या गुहेत रामाचं मंदिर आहे. वनवासात राम इथे विसावला, त्याची शेज इथे होती, म्हणून रामशेज. मंदिराजवळच पाण्याचं टाकं आहे. उन्हातून आत गेलं की अंगावरचा घाम क्षणात गार होतो. तुझे गुडघे वर नाहीच म्हणाले तर तू इथे बस. रामापाशी बसून राहायला तुला काही कंटाळा यायचा नाही.

बाबा, गड दिसायला अगदीच साधा आहे. रायगड-राजगडाची सवय असलेल्या माणसाला खालून बघून वाटतं, हा काय लढणार? याच टेकाडाने औरंगजेबाच्या फौजेला पाच-साडेपाच वर्षं झुलवलं. १६८२ मध्ये वेढा पडला. शहाबुद्दीन खान आला होता, ज्याचा मुलगा पुढे हैदराबादचा पहिला निजाम झाला. गडावर माणसं किती, तर सहाशेच्या आसपास असं सांगतात. लोखंडी तोफा नव्हत्या. मग गडकऱ्यांनी झाडांचे बुंधे पोखरले, त्यांना जनावरांचं कातडं मढवलं आणि त्यातून मारा सुरू केला. हे कुणा आपल्या शाहिराने रंगवलेलं नाही, मुघलांच्याच बाजूच्या खाफीखान नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. अशी एकेक तोफ दहा तोफांचं काम करत होती, असं तो म्हणतो. शत्रूच्या हातची दाद आहे, म्हणून मला जास्त खरी वाटते.

शहाबुद्दीनने गडाच्या उंचीला भिडेल असा लाकडी दमदमा, म्हणजे तोफा चढवायचा बुरूज, उभारला, तरी जमलं नाही. मग बहादूरखान कोकलताश आला. त्याने एका रात्री एका बाजूला हल्ल्याचा मोठा गलबला उडवून दिला आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसं दोरावरून वर चढवली. किल्लेदाराने हे ओळखलं होतं. त्या बाजूला त्याने आपली माणसं गुपचूप बसवून ठेवली, आणि दोरावरची डोकी वर येतील तशी खाली गेली. शेवटी खानाने एक मांत्रिक गाठला. गडावर भुतं आहेत, ती आवरल्याशिवाय गड मिळत नाही म्हणे. मांत्रिकाने शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग करून घेतला आणि तो हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला. अर्ध्या वाटेवर गडावरून दगड आला तो थेट छातीवर. मांत्रिक एकीकडे, नाग एकीकडे. बाबा, हे मी वरच्या दरवाजात बसून बरोबरच्या मुलींना सांगत होते आणि मला सारखे तुम्ही आठवत होतात. तुम्ही हे माझ्यापेक्षा कितीतरी झकास सांगितलं असतंत. जाताना खानाने तो दमदमा रागारागाने जाळून टाकला.

गड पडला तो शेवटी फितुरीने, पैसे चारून. पुढे १८१८ मध्ये त्र्यंबकगड गेल्यावर आसपासच्या किल्ल्यांबरोबर हाही इंग्रजांच्या हातात गेला. आज वर काय आहे, तर कातळात खोदलेली टाकी, दोन दरवाजे, एक चोरदरवाजा, देवीचं देऊळ आणि भणाणणारा वारा. शेजारी भोरगड, देहेरगड. मी बराच वेळ एका टाक्याच्या काठावर बसले होते. कडेला छिन्नीचे घाव अजून दिसतात, तिरपे, एकाखाली एक, सारख्या अंतराने. कुणीतरी एकाच लयीत दिवसचे दिवस मारत राहिलं असणार. तोफा लाकडाच्या चालल्या, पण पाणी नसतं तर आठवडाभरही गड टिकला नसता. हे तुम्हाला मी काय सांगायचं, टँकरवर बाग जगवलेल्या माणसाला?

आता तुमच्या मनातलं. गडावर बाटली नेणाऱ्यांचा मलाही तेवढाच संताप येतो. एकतीस डिसेंबरला दुर्गप्रेमी मंडळी गडांच्या पायथ्याला पहारे देतात, ही पाळी आपल्यावर यावी हेच लाजिरवाणं आहे. त्यामुळे आमचं आधीच ठरलं होतं, पिशवीत पाणी, दशम्या आणि संत्री, बाकी काही नाही. गड आधी, पूर्ण उतरून खाली, आणि मग दुसरं. उलटा क्रम करणाऱ्याला मी गाडीत घेणार नाही. गाडी चालवणारी पोरगी दिवसभर लिंबू सरबतावर होती, आणि तिचं तोंड वाकडं झालं नाही.

उतरून मखमलाबादच्या बाजूने गंगापूर रस्त्याला लागलो. हा टापू सगळा बागांचा. मी खिडकीतून काड्या बघत होते, घड बघत होते, आणि बरोबरच्या मुली मला हसत होत्या. तासगावची पोरगी दुसरं काय बघणार!

आम्ही गेलो ते गंगापूर धरणाजवळच्या सुला वाइनरीत. आई, हे नाव मालकाने आपल्या आईच्या नावावरून ठेवलंय, सुलभा. माणूस अमेरिकेतली नोकरी सोडून वडिलांच्या जमिनीवर आला, आंबा वगैरे करून पाहिला, खायची द्राक्षं करून पाहिली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी वाइनची द्राक्षं लावली. २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. तोवर नाशिक म्हणजे कुंभमेळा, चिवडा आणि खायची द्राक्षं. त्याही आधी ऐंशीच्या दशकात नारायणगावात वाइन होतच होती, पण लोक रांगा लावून कारखाना बघायला येऊ लागले ते इथे.

बाबा, तुम्हाला तिथे न्यायचं ते पिण्यासाठी नव्हे. चाळीस वर्षं बागेत घालवलेल्या माणसाने तिथे उभं राहून एकदा बघावं असं मला फार वाटलं, कारण तुम्ही जे जे करता त्याच्या बरोब्बर उलटं तिथे चालतं. तुमचा मणी मोठा हवा, लांब हवा, पातळ सालीचा हवा, बी तर नकोच. म्हणून जीएत, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकात, घड बुडवायचे, मण्यांची विरळणी करायची, बायकांच्या हातात कात्र्या देऊन मांडवाखाली दिवसचे दिवस. यांना मणी हवा करवंदाएवढा, जाड सालीचा, बियांसकट. जीए नाही, विरळणीची कात्री नाही. तुम्ही ज्या घडाला "हे काय आलंय" म्हणून बाजूला टाकाल, तो घड इथला सरदार. कारण लाल वाइनचा सगळा रंग आणि तुरटपणा सालीत आणि बीत असतो, गरात नसतो. काळ्या द्राक्षाचाही रस पांढराच निघतो, हे तुम्ही शरद सीडलेसचा मणी दाबून लहानपणी मला दाखवलं होतंत. तो रस साली-बियांसकट टाकीत आंबवला तर लाल, सालं आधीच काढून नुसता रस आंबवला तर पांढरी. इतकं सोपं आहे ते.

आणि मालही जास्त धरायचा नाही. एकरी चार-पाच टनांवर थांबायचं, मग साखर आणि वास घडात नीट उतरतो. आपण रसातली साखर सतरा-अठरा ब्रिक्स भरली की काढणी धरतो, हे लाल जातींना बावीस-तेवीसपर्यंत वेलीवर ठेवतात. वाटाड्या मुलगा मुंबईच्या पाहुण्यांना मोठं नवल सांगितल्यासारखं सांगत होता की आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. पाहुणे "अरे वा" करत होते. मी गप्प उभी. माझी शाळेची फी कुठल्या वर्षी खरड छाटणीच्या मजुरीनंतर भरली गेली आणि कुठल्या वर्षी राहिली, हे त्याला कुठे ठाऊक!

काढणी पहाटे करतात, द्राक्षं गार असताना. क्रेट येतात, यंत्र देठ वेगळे काढतं, पांढऱ्या वाइनसाठी मोठ्या पिंपात आतला रबरी फुगा हळूहळू फुगून रस दाबून काढतो. हळू, कारण बी चिरडली तर कडवटपणा उतरतो. मग स्टीलच्या दोन मजली टाक्या. यीस्ट साखर खातं, तिची दारू होते, वर वायू निघतो आणि उष्णता सुटते. म्हणून टाक्यांभोवती थंड पाणी खेळवून पांढरी वाइन पंधरा अंशांच्या आसपास ठेवतात. मी एका टाकीला तळवा लावला तर बाहेरून दव सुटलेलं, आणि खाली कान दिला तर आत बारीक फसफस. पलीकडे चोथ्याचा ढीग, आंबूस-गोड वासाचा. तो वास मला ओळखीचा वाटला, बेदाण्याच्या शेडमध्ये अवकाळी शिरला की दोन दिवसांनी येतो तसाच. फरक एवढाच, की आपल्याला त्या वासाने झोप लागत नाही आणि यांचा धंदा त्यावरच उभा आहे.

पलूसचं मी विसरलेले नाही, बाबा. २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, इकडे विंचूरला आणि आपल्याकडे पलूसला वाइन पार्क झाले, आणि आपल्या शिवारातल्या किती जणांनी खायच्या जाती काढून वाइनच्या लावल्या. मग २००८-०९ ची मंदी आली, माल पडून राहिला. आपल्या शेजारच्या काकांचे पैसे एका कंपनीने असे बुडवले की त्यांनी अख्खी बाग कुऱ्हाडीने तोडली. त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. वाइन म्हटलं की तुमच्या कपाळावर आठी येते ती दारूमुळे कमी आणि त्या तोडलेल्या खोडांमुळे जास्त, असं मला आता वाटतं. म्हणूनच मी तिथे मुद्दाम विचारलं, शेतकऱ्यांशी करार कसा असतो म्हणून. दर आधी ठरतो, खायच्या निर्यातीच्या मालापेक्षा कमी असतो, पण औषध-मजुरीचा खर्चही कमी, आणि साखर किती भरली त्यावर पैसे. खायच्या द्राक्षाला बाजार पडला तर बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला कंपनीखेरीज दारच नाही. म्हणजे तुमचं तेव्हाचं म्हणणं आजही खरं आहे. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा "शेतकऱ्याच्या भल्यासाठी" हे ऐकून तुम्ही टीव्ही बंद केला होता, तेही आठवतं. मला तुमचं मन वळवायचं नाहीये. तुम्ही तिथल्या माणसांना चार खडे सवाल विचारावेत, एवढीच इच्छा आहे. माझ्या प्रश्नांनी तो मुलगा गडबडला, तुमच्यापुढे तर घामच फुटेल.

आणि हो, मी घेतली. लपवत नाही. चाखायला पेल्याच्या तळाशी ओततात, थोडीथोडी, चार-पाच प्रकारची. सोव्हिन्यो ब्लाँ नावाच्या पांढऱ्या वाइनला कापलेल्या ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास येतो, तो मला आवडला. दिंडोरीच्या शिराझची लाल मला जड गेली, तोंड तुरट. वाइन तोंडात कशी घोळवायची याची जी नाटकं चालतात, ती मला थोडी हसण्यासारखीच वाटतात. पण माल बघून चाखून बोलणारे तुम्हीही आहातच, मणी दाताखाली फोडून साखर सांगता.

आई, तुझ्या माळेला तिथे काही अडचण नाही. बसायला मोठा सज्जा आहे, समोर बाग आणि पलीकडे धरणाचं पाणी. जेवण मिळतं, महाग आहे, बिल मी तुला दाखवणार नाही. शनिवार-रविवारी मात्र मुंबईची एवढी गर्दी होते की बोलता येत नाही. आपण मधल्या वारी जाऊ.

प्रश्न वेळेचा आहे. कारखाना चालू बघायचा तर जानेवारी ते मार्च, आणि नेमकी तेव्हाच तुमची काढणी, मग बेदाण्याची शेड, मग एप्रिलची छाटणी. पावसाळ्यात गड हिरवागार असतो, पण पायऱ्या निसरड्या होतात, आईला मी नेणार नाही. ऑक्टोबरात पुन्हा छाटणी. तेव्हा माझ्या मते पुढच्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला या, आपला माल काढणीला यायच्या आधी. तेव्हा इथे पांढऱ्या जातींची काढणी सुरू झालेली असते. धाकट्याला दोन दिवस बाग सांभाळायला सांगा, त्याला म्हणावं, ताईने सांगितलंय. सांगलीहून रात्रीच्या गाडीने निघालात की सकाळी इथे. पहिला दिवस नुसता आराम, दुसऱ्या दिवशी सहाला रामशेज.

आईने गुडघ्याचा पट्टा घ्यावा आणि नव्या चपला घालून येऊ नये. बाबांनी ब्रिक्स मोजायचं यंत्र आणलं तरी चालेल, कुणी अडवणार नाही. तारीख लवकर कळवा, म्हणजे मी रजा टाकून ठेवते.

तुमची,
ताई