आई, फी भरून झालीय

प्रिय आई-बाबा,

आई, आधीच सांगते, तुझ्या व्यायामाच्या वर्गाचे पैसे भरलेत आणि ते परत मिळत नाहीत, त्यामुळे "कशाला गं उगाच" या वेळी चालणार नाही. सोमवारपासून सकाळी सव्वासात, गल्लीच्या टोकालाच, फक्त बायकांची बॅच. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट आहे, तिला तुझ्या गुडघ्याचे एक्सरे पाठवलेत, खाली बसायला लावणार नाही, सगळं खुर्चीवरूनच सुरू करणारे.

बाबा, रागावू नका हं. तुम्ही इतकी वर्षं पर्वती चढताय त्याचं मी ऑफिसात सगळ्यांना कौतुकाने सांगते. पण तुम्ही उतरून येता तेव्हा पोहे गरम असतात, म्हणजे तुमच्या व्यायामाच्या वेळात आई ओट्याशी असते. आणि हे काही आपल्याच घरचं नाही, डब्ल्यूएचओने 2024 मध्ये सांगितलं की भारतात पुरेशी हालचाल न करणारे पुरुष 42 टक्के आणि बायका 57, शिवाय साठीनंतर दोघांचीही हालचाल आणखी कमी होते. तुम्हाला दोष देत नाहीये, घड्याळच तसं लागलंय आपल्याकडे.

आई, दिवसभर उभी असतेस ते माहितीये गं, पण उभं राहून पाय सुजतात, ताकद येत नाही. पाळी गेल्यावर बायकांची हाडं भराभर झिजतात, त्याला थोडं वजन उचलणं लागतंच. मला सायकल शिकवताना पदर खोचून सारसबागेपर्यंत मागे पळायचीस, दम लागलेला कधी दिसलाच नाही मला, का तेव्हाही लपवायचीस?

नाश्त्याचं बघितलंय. पोळीवाल्या मावशी आता साडेसहाला येतील, चहा थर्मासात राहील, आलं घालूनच. बाबा, पोहे तुम्ही करा असं म्हणत नाहीये (केलेत तर कोणी अडवणार नाही).

आणि तुमचंही ऐका, नुसतं चालणं पुरत नाही. पासष्टीनंतर आठवड्यातून तीनदा तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम हवेत. भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहा, हात न टेकता खुर्चीतून उठा. वैद्यकाकांचं बाथरूममध्ये काय झालं ते आठवतंय ना. बीपीची गोळी चुकवायची नाही, पावसात पर्वती बंद म्हणजे बंद.

आई, बूट शनिवारी येतील, पाच नंबर मागवलाय. घट्ट झाले तर लगेच फोन कर, नाहीतर तू तसेच रेटत बसशील.

तुमची,
छकुली